आठ पिक्सेल माया

तोर्निके म्हणतो, आधी चौकट काढा.
एफ दाबा, ओढा, सोडा.
त्याचं वय बावीस, माझं सेहेचाळीस.
कुताईसीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर
आठ संगणक, त्यातला एक बंद,
आणि हीटर फक्त त्याच्या पायाशी.
मी ओढते, सोडते,
पांढऱ्या पटावर एक रिकामा रुमाल
पडून राहतो.

अकरा वर्षं मी डावा कफ शिवला.
फक्त डावा.
उजवा त्सिआला शिवायची, पलीकडच्या रांगेत.
सबंध शर्ट दिसायचा तो खोक्यात जाताना,
घडी घातलेला, टाचण्या टोचलेला,
दुसऱ्या कुणाच्या देशाचा पत्ता अंगावर घेऊन.
मग एका सोमवारी गेटला कुलूप,
आणि पाकिटात दोन महिन्यांऐवजी एकाचा पगार.

इथे पहिल्याच आठवड्यात अख्खा पडदा हातात दिला.
घ्या, म्हणाला, डोक्यापासून पायापर्यंत तुमचा.
तासभर मी डाव्या कोपऱ्यातच काम करत होते.

मग कंट्रोल-झेड.
म्हणजे उसवणं, मी मनात म्हटलं.
पण उसवलं की कापडावर सुईची भोकं राहतात,
उजेडात धरलं की दिसतात,
आणि मानानाबाई बरोबर उजेडात धरायच्या.
इथे काहीच राहत नाही.
चाळीसदा उसवलं, चाळीसदा कोरं.
मला जरा संशयच आला त्या कापडाचा.

शीर्षक कॅपिटलमध्ये करा, तो वाचून दाखवतो.
मी विचारते, पोरा, कुठलं कॅपिटल?
आपल्या अक्षरांत थोरली-धाकटी नाहीत,
सगळी एकाच पंगतीला बसतात.
तो परदेशी धडा पुन्हा वाचतो, त्याचे कान लाल होतात.
नवा फॉन्ट लावला तर आमच्या अक्षरांच्या जागी
रिकामे चौकोन, रांगेने,
जशी कुणी काजं करून ठेवली आणि बटणं आणायला गेलं.

बटणांचं मात्र मला कुणी शिकवू नये.
शब्दाभोवती आठ पिक्सेल सोडा, तो म्हणतो, पॅडिंग.
आम्ही शिवणारे त्याला माया म्हणतो.
शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड,
बाहेरून दिसत नाही,
पण पोर वाढलं, माणूस सुटला,
तर तिथूनच अंगरखा सैल होतो.
कारखान्यात माया कमी कमी होत गेली.
दीड सेंटिमीटर. एक. मग सात मिलिमीटर.
कापड वाचतं, मानानाबाई सांगायच्या,
त्यांनाही वरून कुणी सांगितलेलं असायचं.

मी आठ सोडले.
मग इकडेतिकडे पाहिलं, आणि बारा केले.

परीक्षेला मिनीबसच्या वेळांचं ॲप.
ज्यानं कधी पाहिलं नाही अशा माणसाला दाखवा,
आणि तुम्ही तोंड मिटून बसा, असा नियम.
मी त्सिआलाला बोलावलं.
तिनं अंगठा स्कर्टला पुसला,
‘पुढे’ दाबलं.
काही नाही.
पुन्हा दाबलं. मग जोर लावून,
अडकलेलं पेडल दाबतात तसं.
आणि माझ्याकडे बघून ओशाळली,
माफ कर गं, बोटच मेलंय माझं, टोचून टोचून.

बोट ठीक होतं.
‘पुढे’पासून पुढच्या पडद्यापर्यंत
एक निळा दोरा ओढायचा असतो,
तो मी ओढलाच नव्हता.
बटण टाचलं, काज विसरले.

गप्प बसायचा नियम होता, मी बसले नाही.
म्हटलं, त्सिआला, चूक माझी आहे, तुझ्या बोटाची नाही.
तोर्निकेनं वहीत काहीतरी लिहिलं, बहुतेक गुण कापले.
तिचं लक्षच नव्हतं.
चष्मा कपाळावर सरकवून ती पडद्याच्या अगदी जवळ गेली होती.
हे सगळं तू केलंस? तिनं विचारलं.
उजवीकडचंसुद्धा?